कंबर कसणे

प्रस्तावना

एखादे अवघड काम अंगावर घ्यायचे ठरले, की मराठी माणूस 'कंबर कसतो'. शेतात राबणारी स्त्री पदर कमरेभोवती घट्ट गुंडाळून खोचते, ओझे वाहणारा हमाल पोटाला पटका बांधतो, पैलवान लंगोट कसतो आणि मगच पुढच्या कामाला हात घालतो. हा वाक्प्रचार अशा नित्याच्या कृतींशी जोडलेला आहे. प्रत्यक्ष काम करतात ते हात आणि पाय; मग कसायची ती कंबर का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर क्रीडाक्षेत्रातील उदाहरणांच्या आधारे दिले आहे.

हा पाठ अभ्यासल्यानंतर पोटाचे स्नायू कोणते, खेळाडूच्या हालचालीत त्यांचे कार्य काय आणि ते बळकट करण्याच्या रूढ पद्धतींत कोणते दोष आहेत, हे तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. शास्त्रीय विषय मराठीत मांडताना घरगुती दृष्टान्तांचा उपयोग कसा केला जातो, याकडेही वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

टोकियो ऑलिंपिकमध्ये २४ जुलै २०२१ रोजी मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी भारोत्तोलनात ४९ किलो वजनगटाचे रौप्यपदक मिळवले. त्या दिवशी त्यांनी स्नॅच प्रकारात ८७ किलो आणि क्लीन अँड जर्क प्रकारात ११५ किलो, असे एकूण २०२ किलो वजन उचलले. ११५ किलो म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार. अशा क्षणाचे छायाचित्र पाहणाऱ्याची नजर डोक्यावर ताठ झालेल्या हातांकडे आणि जमिनीत रोवल्यासारख्या पायांकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु जमिनीला रेटा देतात ते पाय आणि लोखंडी दांडा धरतात ते हात. पायांचा रेटा हातांपर्यंत पोहोचतो कसा, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

मानवी सांगाड्याचे चित्र समोर ठेवले, म्हणजे यातील अडचण ध्यानात येते. वर बरगड्यांचा पिंजरा आहे, खाली कटीच्या हाडांचे कडे आहे. या दोहोंच्या मध्ये, पुढे आणि बाजूंना, एकही हाड नाही. मागे कण्याचे पाच मणके तेवढे एकावर एक रचलेले आहेत. जुन्या घरांच्या माजघरात मडक्यांची उतरंड असे, तशी ही रचना आहे. उतरंड सरळ उभी असते तोवर बराच भार सोसते. जरा कलली, की कोसळते. स्नायूंचा आधार काढून घेतला, तर कण्याचा हा भाग धडाचे नुसते वजनही पेलू शकत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तरीही त्यावरून शंभराहून अधिक किलोंचा भार पार होतो. हे ज्यांच्यामुळे शक्य होते, ते पोटाचे आणि पाठीचे स्नायू होत.

पोटाच्या भिंतीत स्नायूंच्या चार मुख्य जोड्या असतात. सर्वांत परिचित तो सरळ स्नायू. तो मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून जांघेमधल्या हाडापर्यंत उभा उतरतो. त्याला मध्ये मध्ये आडव्या कंडरांचे छेद असल्यामुळे त्याचे कप्पे पडतात. तरुण मंडळी आरशात ज्यांचा शोध घेत असतात, ते हेच कप्पे. बाजूंना दोन तिरपे स्नायू एकावर एक असतात. खिशात हात घातल्यावर बोटे ज्या दिशेने जातात, त्या दिशेने बाहेरच्या तिरप्या स्नायूचे तंतू धावतात. आतल्याचे तंतू त्यांना छेद देऊन उलट दिशेने जातात. सर्वांत आत असतो तो आडवा स्नायू. तो पाठीकडून पुढे येऊन पोटाला पटक्यासारखा वेढतो. हमाल बाहेरून जो पटका बांधतो, तो शरीराने आतून आधीच बांधलेला आहे!

या चार भिंतींना वर श्वासपटलाचे छत आहे, खाली कटीच्या तळाच्या स्नायूंची जमीन आहे आणि मागे कण्याला बिलगलेले पाठीचे स्नायू आहेत. म्हणजे पोट ही सर्व बाजूंनी बंद असलेली पिशवीच होय. भार उचलण्यापूर्वी खेळाडू खोल श्वास घेतो, क्षणभर रोखतो आणि पोट चहूबाजूंनी घट्ट करतो. त्यामुळे पिशवीतील दाब वाढतो आणि कणा जागच्या जागी स्थिर होतो. ठासून भरलेले, तोंड आवळलेले धान्याचे पोते उभे राहते; अर्धवट भरलेले पोते मधूनच दुमडते. बाजारपेठेत पोती उचलणाऱ्या श्रमिकाला ही गोष्ट कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असते. पोते पाठीवर घेताना त्याच्या तोंडून निघणारा हुंकार रोखलेल्या श्वासाचाच असतो. भारोत्तोलक कमरेला रुंद पट्टा बांधतात, त्याचाही उपयोग असाच आहे. पट्टा कण्याला टेकू देतो, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः पोटाच्या स्नायूंना दाबण्यासाठी बाहेरून एक भिंत मिळते आणि आतला दाब अधिक वाढवता येतो. पट्टा बांधून पोट सैल सोडणाऱ्याला त्या पट्ट्याचा फारसा लाभ होत नाही.

बळाइतकेच महत्त्व वेळेला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९० च्या दशकात एक साधा, पण विलक्षण प्रयोग केला. उभ्या असलेल्या व्यक्तीने खूण होताच हात झटकन वर उचलायचा, आणि त्या वेळी कोणता स्नायू केव्हा आकुंचन पावतो याची नोंद घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. निरोगी व्यक्तींमध्ये खांद्याच्या स्नायूच्या आधी पोटाचा आडवा स्नायू कार्यरत झाला. उचलायचा होता हात, पण शरीराने आधी कंबर कसली. ज्यांना कंबरदुखीचा जुना त्रास होता, त्यांच्यात मात्र हाच स्नायू उशिरा जागा झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे प्रशिक्षणाची दृष्टी बरीच बदलली. पुढे काही प्रशिक्षकांनी त्यातून 'बेंबी आत ओढा' एवढाच मंत्र काढला आणि खेळाडूंना तो पाठ करायला लावला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी त्याला विरोध केला. एकच स्नायू वेगळा काढून आत ओढल्याने कण्याचा पाया उलट अरुंद होतो. पोटावर कोणी गुद्दा मारणार आहे असे समजून सर्व स्नायू एकदम ताठ करणे अधिक उपयुक्त, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भारी वजन उचलण्याच्या बाबतीत तरी हाच मार्ग ग्राह्य वाटतो.

भालाफेकीत या स्नायूंचे दुसरे रूप दिसते. टोकियोमध्येच ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्रा यांनी ८७.५८ मीटर अंतरावर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. पुरुषांच्या भाल्याचे वजन अवघे ८०० ग्रॅम असते. तो केवळ दंडाच्या बळावर इतका दूर जात नाही. धावत आलेला खेळाडू पुढचा पाय रोवून स्वतःला एकाएकी थांबवतो. प्रथम कंबर पुढे वळते, खांदा अजून मागेच असतो. या क्षणी बरगड्या आणि कटी यांच्यामध्ये पोटाचे तिरपे स्नायू धनुष्याच्या दोरीसारखे ताणले जातात. दोरी सुटते, मग छाती वळते, खांदा येतो, कोपर येते आणि सर्वांत शेवटी हात. धावण्याचा वेग पायाकडून हाताकडे असा टप्प्याटप्प्याने सोपवला जातो. मधला दुवा ढिला असेल, तर पायांनी कमावलेला वेग तेथेच गळतो. मग तो भरून काढण्यासाठी खांदा आणि कोपर यांच्यावर अतिरिक्त ताण पडतो. खांदेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या खेळाडूची कंबरही जाणकार प्रशिक्षक तपासतात, ते यामुळेच.

क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजाचे शरीरही असेच पिळले जाते, आणि तेही दिवसभरात शंभराहून अधिक वेळा. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याच्या डाव्या कुशीतील आतला तिरपा स्नायू बरगडीजवळ फाटण्याची दुखापत त्यामुळे नेहमी ऐकू येते. खेळाच्या बातम्यांत तिला 'साइड स्ट्रेन' म्हणतात. कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जाणे ही त्याहून गंभीर दुखापत. जसप्रीत बुमराह २०१९ मध्ये अशा तड्यामुळे मैदानाबाहेर राहिले आणि २०२३ मध्ये त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. अशा दुखापतींचे खापर केवळ पोटाच्या दुबळेपणावर फोडणे योग्य नव्हे. चेंडू टाकण्याची शैली, टाकलेल्या षटकांची संख्या, मिळालेली विश्रांती आणि वय या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. खुद्द मीराबाई चानू यांनाही २०१८ मध्ये कंबरेच्या दुखापतीमुळे जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेला मुकावे लागले होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्या विश्वविजेत्या ठरल्या होत्या. कसलेल्या कमरेलाही मर्यादा असते.

लांब पल्ल्याच्या धावपटूपुढील प्रश्न आणखी वेगळा आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट आघात जमिनीकडून वर येतो आणि त्या वेळी धड डोलू न देण्याचे काम पोटाच्या व पाठीच्या स्नायूंना करावे लागते. पण भारोत्तोलकाप्रमाणे त्याला श्वास रोखता येत नाही. उलट जोराने श्वास बाहेर टाकण्याचे कामही हेच पोटाचे स्नायू करतात. एकाच वेळी धड सावरायचे आणि भात्यासारखा श्वासही चालू ठेवायचा, अशी ही दुहेरी चाकरी आहे. शर्यतीच्या शेवटी थकलेला धावपटू कमरेत वाकू लागतो, तेव्हा ही चाकरी त्याच्या पोटाला झेपेनाशी झालेली असते.

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट लक्षात आली असेल. खेळात पोटाच्या स्नायूंचे मुख्य काम धड वाकवण्याचे नसून ते नको तेथे वाकू न देण्याचे, नको तेव्हा वळू न देण्याचे आहे. असे असूनही पोटाचा व्यायाम म्हणताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धड वाकवण्याचा व्यायामच येतो. पाठीवर झोपायचे, पाय कोणीतरी दाबून धरायचे आणि पुन्हा पुन्हा उठून बसायचे. ('उठाबशा' हा शब्द मराठीने शिक्षेसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे या व्यायामाला 'सिट-अप' असेच म्हणावे लागते.) रोज दोनशे सिट-अप काढल्याचा अभिमान अनेकांना असतो. परंतु खांदे जमिनीवरून पुरते उचलले गेल्यानंतर पुढचे बरेचसे काम पोटाचे राहतच नाही. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेले स्नायू ते करतात आणि करताना मणके एकमेकांवर दाबतात. मॅकगिल यांच्या मोजमापांनुसार एका सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर तीन हजार न्यूटनांहून अधिक दाब येतो. एवढा दाब रोज दोनशे वेळा, तोही कणा वाकलेल्या स्थितीत, देण्यात शहाणपण नाही. त्यातच आपल्याकडे हा व्यायाम भल्या पहाटे, अंथरुणातून उठल्याबरोबर करण्याची पद्धत आहे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो, तो याच कारणाने. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. म्हणून उठल्यानंतर तासभर तरी असा व्यायाम टाळणे हितावह असते.

पोटावरील कप्प्यांचा मोहही येथेच बाजूला ठेवणे इष्ट. कप्पे किती असावेत हे जन्मतःच ठरलेले असते आणि ते दिसणे न दिसणे मुख्यतः कातडीखालील चरबीवर अवलंबून असते. पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी झडते, हा समज निराधार आहे. तांबड्या मातीत घुमलेल्या किती तरी नामांकित पैलवानांची पोटे चांगली गोलाकार असत. त्यांना कमरेतून उचलायला गेलेल्या प्रतिस्पर्ध्याला मात्र त्या पोटामागचे बळ तत्काळ कळत असे.

मग व्यायाम कोणता करावा? मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम सोपे असून त्यांना साधन लागत नाही. पहिल्यात पाठीवर झोपून एक गुडघा दुमडायचा, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली ठेवायचे आणि फक्त डोके व खांदे जमिनीपासून किंचित उचलून धरायचे. कंबर मुळीच सपाट होऊ द्यायची नाही. दुसऱ्यात कुशीवर होऊन एका कोपराच्या आधाराने शरीर तिरप्या फळीसारखे सरळ उचलून धरायचे. नवशिक्याने पाय सरळ न ठेवता गुडघे टेकवले तरी चालते. तिसऱ्यात हात व गुडघे टेकून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायचा, नंतर बाजू बदलायची. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे असे मानावे आणि तो सांडू देऊ नये. प्रत्येक स्थिती दहा सेकंदांपर्यंत धरून सोडावी आणि पुन्हा करावी. मिनिटेच्या मिनिटे थरथरत राहण्यात विशेष लाभ नाही. व्यायाम चालू असताना श्वास रोखू नये.

ही तत्त्वे आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी नाहीत. जोर काढताना आणि सूर्यनमस्कारात एका टप्प्यावर शरीर हातांवर व चवड्यांवर काठीसारखे सरळ धरावे लागते; त्या वेळी कंबर खाली झोल खात नाही, ती पोटाच्या बळावर. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला. मल्लखांबात तर हे बळ नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली, असे परंपरा सांगते. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर खेळाडू मांड्यांची अढी घालतो आणि उरलेले धड हवेत आडवे सोडतो. तेथे धडाला खालून टेकू नसतो. पोट, कुशी आणि पाठ यांनीच त्याला तोलायचे असते. मल्लखांब हा कुस्तीगिरांचा पूरक व्यायाम म्हणून वाढला. पकडीत सापडलेले असतानाही धड दुमडू न देणे ही कुस्तीची पहिली गरज, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या वस्तादांची निवड किती अचूक होती हे समजते.

अतिरेकी अपेक्षा मात्र बाळगू नयेत. केवळ पोटाचे व्यायाम केल्याने धड निश्चितच बळकट होते. परंतु तेवढ्याने धावण्याचा वेग किंवा उडीची उंची आपोआप वाढतेच, असे संशोधनात आढळलेले नाही. कमावलेले बळ खेळाच्या प्रत्यक्ष हालचालीत उतरवावे लागते. धावपटूने धावावे, भालाफेकपटूने भाला फेकावा, आणि त्या सरावात कसलेली कंबर वापरायला शिकावे. ज्यांना उच्च रक्तदाब किंवा हर्निया आहे, त्यांनी श्वास रोखून भार उचलण्याचे प्रयोग वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत; गर्भवती स्त्रियांनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांनीही हे पथ्य पाळावे. व्यायाम करताना कमरेतून पायाकडे कळ उतरू लागली, तर तो तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शब्दार्थ

उतरंड – एकावर एक रचलेली मडकी. कंडरा – स्नायूचा दोरीसारखा चिवट भाग. श्वासपटल – छाती व पोट यांमधील श्वसनाचा स्नायू. कुशी – शरीराची बरगड्यांखालील बाजू. अढी – पाय एकमेकांत अडकवून घातलेली पकड. वस्ताद – तालमीतील गुरू.

भाषाभ्यास

'कंबर कसणे' या वाक्प्रचाराचा अर्थ 'निश्चयाने कामाला सिद्ध होणे' असा आहे. 'कंबर खचणे' आणि 'पोटात गोळा येणे' या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा. तुमच्या प्रदेशातील भाषेत कंबर, पोट किंवा पाठ यांवरून आलेले वाक्प्रचार असल्यास त्यांतील दोन निवडून त्यांचा मराठीत अर्थ लिहा.

स्वाध्याय

१. धान्याच्या पोत्याच्या दृष्टान्तातून कोणती शास्त्रीय गोष्ट स्पष्ट केली आहे?

२. भारोत्तोलक आणि लांब पल्ल्याचा धावपटू यांच्या पोटाच्या स्नायूंच्या कामात कोणता फरक आहे?

३. हॉजेस आणि रिचर्डसन यांच्या प्रयोगाचे वर्णन पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. तुमच्या परिचयातील एखादे अंगमेहनतीचे काम निवडा. ते करणारी व्यक्ती भार उचलण्याआधी श्वास, पोट आणि पाय यांचा वापर कसा करते, याचे निरीक्षण करून दहा ओळींत वर्णन लिहा.